सहा सिलिंडर, एक ओळ: जीपचं ४.० लिटर इंजिन पुन्हा बांधताना

जीपच्या ४.० लिटर इंजिनाचं हेड, म्हणजे सिलिंडरांवरचं झाकण, उतरवून टेबलावर ठेवलं की सगळ्यात आधी डोळ्यांत भरते ती त्याची लांबी. सहा सिलिंडरांवर एकच ओतीव लोखंडी हेड, खाली तेवढाच लांब ब्लॉक आणि त्यात सात मेन बेअरिंगांवर फिरणारा लांबलचक क्रँक, म्हणजे पिस्टनांची वर-खाली हालचाल फिरकीत बदलणारा दांडा. या इंजिनाचे गुण या लांबीतून येतात, दुखणीही बहुतेक तिथूनच येतात. ते बांधताना ही गोष्ट मनात ठेवली तर कोणतं माप का घ्यायचं, हे पाठ करावं लागत नाही.

आधी गुण पाहू. सरळ सहा सिलिंडरात पिस्टन जोडीनं चालतात: १ आणि ६, २ आणि ५, ३ आणि ४. एक जोडी वर जाते तेव्हा उरलेल्या दोन जोड्या तिचा धक्का पूर्णपणे खोडून काढतात. चार सिलिंडरच्या इंजिनात क्रँकच्या दुप्पट वेगानं येणारी जी थरथर उरते, तीही इथे उरत नाही. त्यामुळे बॅलन्स शाफ्टची गरज पडत नाही आणि इंजिन आठशे आरपीएमला दगडांवरून सरपटत जातानाही गुळगुळीत चालतं. ऑफ-रोडवाल्यांना हे इंजिन प्रिय आहे ते यामुळेच.

किंमत मोजावी लागते ती अशी. लांब क्रँक पीळ खातो, म्हणून पुढे रबराचा डॅम्पर लागतो. लांब हेड तापलं की वाकतं किंवा तडकतं. पाण्याचा पंप पुढे आणि सहावा सिलिंडर सगळ्यात मागे, म्हणून कूलिंगमध्ये जरा ढिलाई झाली की मागचा भाग आधी सोसतो.

या सहा सिलिंडर घराण्याची सुरुवात अमेरिकन मोटर्सनं १९६४ मध्ये केली. ४.० लिटरची आवृत्ती १९८७ च्या मॉडेलांत आली. त्याच वर्षी क्रायस्लरनं अमेरिकन मोटर्स विकत घेतली, पण हे इंजिन टिकलं, ते थेट २००६ पर्यंत. चेरोकी एक्सजे, रँग्लर वायजे आणि टीजे, ग्रँड चेरोकी झेडजे आणि डब्ल्यूजे, सगळ्यांत हेच. बोअर ३.८७५ इंच म्हणजे ९८.४ मिमी आणि स्ट्रोक ३.४१४ इंच म्हणजे ८६.७ मिमी. १९९१ पासूनच्या सुधारित आवृत्तीत १९० अश्वशक्ती आणि सुमारे ३०५ न्यूटन-मीटर टॉर्क. भारतात सहा सिलिंडरची ऑफ-रोड गाडी म्हटलं की जबलपूरची जोंगा आठवते. निस्सानच्या परवान्यानं बनलेल्या त्या गाडीचं पेट्रोल इंजिनही जवळपास चार लिटरचंच. कामाचा क्रम तिथेही असाच, पण खाली दिलेले आकडे फक्त जीपच्या इंजिनाचे आहेत. ते जोंगाला लावू नका.

मापांबद्दल एक गोष्ट. हे इंजिन इंचांत आखलेलं आहे, म्हणून मशीन शॉपवाला थाऊमध्ये बोलेल. एक थाऊ म्हणजे इंचाचा हजारावा भाग, ०.०२५४ मिमी. माणसाचा केस साधारण तीन थाऊंचा असतो. बेअरिंगची योग्य फट त्याहून कमी असते.

खोलण्याआधी कान लावा

ठकठक ऐकू आली की "रॉड गेला" (पिस्टन आणि क्रँक जोडणारा दांडा) असं ठरवून इंजिन उतरवणारे बरेच असतात. या इंजिनात चार वेगवेगळे आवाज एकमेकांसारखे भासतात आणि त्यांतल्या दोनांसाठी इंजिन खोलावंच लागत नाही.

पहिला आवाज फ्लेक्सप्लेटचा. ऑटोमॅटिक गाडीत फ्लायव्हीलच्या जागी पातळ पोलादी तबकडी असते. ती क्रँकच्या बोल्टांभोवती तडकली किंवा टॉर्क कन्व्हर्टरचे बोल्ट ढिले झाले की हुबेहूब रॉडसारखी ठोकते. गिअरबॉक्सखालचं झाकण काढून टॉर्चनं पाहिलं की कळतं.

दुसरा एक्झॉस्ट मॅनिफोल्डचा. नळ्यांचं जुनं मॅनिफोल्ड तापून-थंड होऊन तडकतं आणि थंड असताना टिकटिक करतं. गरम झालं की धातू फुगतो, चीर मिटते, आवाज कमी होतो. तिसरा पिस्टनचा. स्कर्ट, म्हणजे पिस्टनचा खालचा घेर, झिजला की थंड इंजिनात पिस्टन बोअरच्या भिंतीवर आपटतो. हाही गरम झाल्यावर मावळतो, म्हणून मॅनिफोल्डशी गल्लत होते. फरक असा की मॅनिफोल्डचा आवाज बाहेरून, सिलिंडर हेडच्या बाजूनं येतो आणि तिथे काजळीचा काळा डाग सापडतो. पिस्टनचा आवाज मात्र गांभीर्यानं घ्या. उशिराच्या मॉडेलांत स्कर्ट तुटून त्याचे तुकडे ऑइल पॅनमध्ये पडल्याची उदाहरणं पुष्कळ आहेत.

चौथा खरा रॉडचा. तो गरम झाल्यावर वाढतो आणि ऑइल प्रेशरसोबत बदलतो. ज्या सिलिंडरचा स्पार्क तोडल्यावर आवाज बदलतो, तिथला रॉड.

प्रेशर डॅशबोर्डवरच्या काट्यावरून ठरवू नका. सेन्सर काढून त्या जागी यांत्रिक गेज लावा. इंजिन गरम असताना आयडलला किमान १३ पीएसआय (पाउंड प्रति चौरस इंच) आणि १६०० आरपीएमच्या पुढे ३७ ते ७५ पीएसआय हवं. मग कॉम्प्रेशन घ्या: इंजिन गरम, सहाही प्लग बाहेर, इंधन आणि स्पार्क बंद, थ्रॉटल पूर्ण उघडा. १२० ते १५० पीएसआय ठीक. सिलिंडरा-सिलिंडरांत ३० पेक्षा जास्त फरक नको. एखादा कमी निघाला तर त्यात चमचाभर ऑइल टाकून पुन्हा घ्या. आकडा वाढला तर रिंगा, तसाच राहिला तर वॉल्व्ह किंवा गॅस्केट. शेजारशेजारचे दोन सिलिंडर एकदम कमी असतील तर त्यांच्या मधलं गॅस्केट फुटलंय असं समजा.

आणि मागून ऑइल गळतं म्हणून रिअर मेन सीलला लगेच दोष देऊ नका. व्हॉल्व्ह कव्हरच्या मागच्या कोपऱ्यातून पाझरलेलं ऑइल ब्लॉकच्या पाठीवरून उतरतं आणि नेमकं बेलहाउसिंगखाली टपकतं. ऑइल फिल्टरच्या अडॅप्टरच्या ओ-रिंगाही हाच खेळ करतात.

उतरवणं आणि खोलणं

पूर्ण इंजिन साधारण सव्वादोनशे किलोच्या वर भरतं, त्यामुळे होइस्ट आणि स्टँड दोन्ही या वजनाचे हवेत. चेरोकीत बेलहाउसिंगचे वरचे दोन बोल्ट उलट्या टॉर्क्सचे असतात. त्यांना ई-१२ सॉकेट आणि लांब एक्स्टेन्शन लागतं. साधा सॉकेट ठोकून बसवला तर डोकं गोल होतं आणि जागा अशी आहे की पुढे दिवस जातो. बेलहाउसिंगवरचा क्रँक पोझिशन सेन्सर गिअरबॉक्स वेगळा करण्याआधी काढा, नाहीतर तो तुटतो.

हेड काढल्यावर पुशरॉड आणि टॅपेट ज्या क्रमानं निघाले त्याच क्रमानं पुठ्ठ्यात भोकं पाडून लावून ठेवा. कॅम म्हणजे वॉल्व्ह उघडणारा, उंचवट्यांचा (लोबांचा) दांडा, टॅपेट म्हणजे त्या उंचवट्यावर टेकणारा तुकडा आणि पुशरॉड म्हणजे तो धक्का वर नेणारी काडी. कॅम आणि टॅपेट एकमेकांवर झिजून जुळलेले असतात. जुना कॅम ठेवणार असाल तर एकाचा टॅपेट दुसऱ्या लोबवर जाता कामा नये. नवा कॅम घालणार असाल तर टॅपेट सगळे नवेच, यात तडजोड नाही. क्रम तरीही जपा, कारण कोणता लोब कसा झिजलाय हे वाचता आलं पाहिजे.

पिस्टन वरून काढण्याआधी बोअरच्या तोंडाशी नखानं चाचपा. रिंगा जिथपर्यंत जातात त्याच्या वर न झिजलेली कड उरते. ती रिजरीमरनं घासल्याशिवाय पिस्टन ढकलला तर रिंगांच्या मधल्या भिंती तुटतात. रॉडच्या बोल्टांवर जुन्या रबरी नळीचे तुकडे चढवा, म्हणजे बाहेर येताना क्रँकच्या जर्नलवर, म्हणजे बेअरिंगमध्ये फिरणाऱ्या गुळगुळीत भागावर, ओरखडा जाणार नाही. रॉड आणि कॅप ही जोडी आहे. आकडे दिसत नसतील तर दोन्हींवर खूण करा.

आता थांबा आणि जुनी बेअरिंगं ओळीनं मांडा. सगळी सारखी झिजलीत का? मग ते वय. एखाद्याच बेअरिंगवर तांब्याचा रंग दिसतोय का? मग तो रॉड वाकलाय, नाहीतर त्याच्या ऑइलच्या भोकात काहीतरी अडकलंय. सगळ्यांवर बारीक कण रुतलेत का? मग धूळ आत येत होती, आणि एअर फिल्टरची पेटी किंवा पुढची नळी तपासल्याशिवाय नवं इंजिनही त्याच वाटेनं जाईल. पाण्यातून जाताना इंजिननं कधी पाणी ओढलं असेल तर प्रत्येक रॉड सरळ आहे का ते मशीन शॉपकडून तपासून घ्या. पाणी दाबलं जात नाही, म्हणून वाकतो तो रॉड. जुनं इंजिन कशानं गेलं हे कळायच्या आत नवे भाग मागवणं म्हणजे तोच आजार पुन्हा विकत घेणं.

मोजमाप

इंजिन बांधण्याचं निम्मं काम मोजण्याचं आहे, आणि घाई होते तीही इथेच.

बोअर तीन उंचींवर मोजा: वरून साधारण १० मिमी खाली, मध्ये आणि तळाशी. प्रत्येक उंचीवर दोन दिशांनी, क्रँकला समांतर आणि आडवं. पिस्टन आडव्या दिशेला जास्त दाब देतो, म्हणून झीज तिथे जास्त सापडते. वरच्या आणि खालच्या मापातला फरक म्हणजे टेपर आणि दोन दिशांतला फरक म्हणजे गोलाईतली चूक. दोन्ही एका थाऊच्या आत असतील तर नुसतं होनिंग करून नव्या रिंगा चालतात. त्याहून जास्त असेल तर बोअर वाढवावाच लागेल. २०, ३० आणि ४० थाऊ मोठे पिस्टन सहज मिळतात. ६० थाऊपर्यंत जायचं असेल तर आधी भिंतीची जाडी अल्ट्रासोनिकनं मोजून घ्या, कारण ओतीव ब्लॉकच्या भिंती सगळीकडे सारख्या जाडीच्या नसतात आणि पातळ भिंत म्हणजे पुढे तापणारं इंजिन.

क्रँकच्या मेन जर्नलचं नवं माप २.४९९६ ते २.५००१ इंच. प्रत्येक जर्नल मायक्रोमीटरनं चार ठिकाणी मोजा. नखाला ओरखडा लागत असेल तर ग्राइंडिंग. पहिली पायरी १० थाऊ कमी आणि त्या मापाची बेअरिंगं. ग्राइंडिंगआधी क्रँक चुंबकीय तपासणीतून काढा. लांब क्रँकमधली बारीक चीर डोळ्यांना दिसत नाही.

मेन बेअरिंगची फट १ ते २.५ थाऊ, त्यात २ थाऊ उत्तम. रॉडची १ ते ३ थाऊ, त्यात दीड ते दोन पसंत. क्रँकची पुढे-मागे सरक दीड ते साडेसहा थाऊ, ती तिसऱ्या मेनवरचं थ्रस्ट बेअरिंग सांभाळतं. मॅन्युअल गिअरच्या गाडीत क्लच दाबताना हाच भाग भार घेतो, म्हणून तिथे ही सरक आवर्जून पाहा.

फट मोजायला प्लॅस्टिगेज पुरतं: मेणासारखी बारीक दोरी जर्नलवर ठेवायची, कॅप पूर्ण टॉर्कला आवळायची, पुन्हा काढायची आणि चपटी झालेली रुंदी पाकिटावरच्या पट्टीशी ताडायची. बेअरिंग कोरडं हवं, आणि मध्ये क्रँक जराही फिरवायचा नाही. फिरला की माप खोटं.

खरेदीचा क्रमही मापावरूनच ठरतो. आधी मोजा, मग पिस्टन मागवा, पिस्टन हातात आले की ब्लॉकसोबत तेही मशीन शॉपला द्या. बोअर पिस्टनच्या छापील मापाला नाही, हातातल्या पिस्टनला जुळवायचा असतो. कंपनीच्या पिस्टनसाठी ही फट जेमतेम ०.८ ते १.५ थाऊ. फोर्ज्ड पिस्टन गरम झाल्यावर जास्त फुगतात, त्यांना पिस्टन बनवणाऱ्यानं सांगितलेली जास्त फट ठेवा.

मशीन शॉपमधून काय करून घ्यायचं

ब्लॉक गरम क्षारात धुतला की कॅमची बेअरिंगं खराब होतात, त्यामुळे ती नवीन बसवायची आहेत हे आधीच सांगा. बसवल्यावर प्रत्येक बेअरिंगचं भोक ब्लॉकमधल्या ऑइलच्या भोकाशी जुळतंय का ते तारेनं स्वतः तपासा. एक बेअरिंग थोडं फिरून बसलं तर तो कॅम-जर्नल कोरडा राहतो. ऑइल गॅलरीचे सगळे प्लग काढूनच धुलाई व्हायला हवी. जुन्या बेअरिंगांचा कीस तिथेच लपून बसतो. पाण्याच्या बाजूचे कोअर प्लग पितळेचे नवे घाला.

होनिंगच्या रेघा एकमेकींना साधारण ४५ ते ६० अंशांत छेदणाऱ्या हव्यात. त्यांत ऑइल धरून राहतं. होनिंग झालेला ब्लॉक रॉकेलनं किंवा पेट्रोलनं धुऊ नका. ते दगडाची पूड रेघांच्या तळाशी नेऊन बसवतं. गरम पाणी, कपडे धुण्याचा साबण आणि ताठ ब्रश, दोन-तीनदा. मग ऑइल लावलेलं पांढरं फडकं बोअरमध्ये फिरवा. करडा डाग आला तर पुन्हा धुवा. स्वच्छ झाला की लगेच ऑइल लावा, नाहीतर तासाभरात गंजाची छटा येते.

हेड आणि ०३३१ चा प्रश्न

व्हॉल्व्ह कव्हरखाली हेडवर ओतीव आकडा असतो. १९९० च्या दशकाच्या पूर्वार्धात ७१२०, नंतर ०६३० आणि साधारण १९९९-२००० पासून ०३३१. या शेवटच्या हेडची सुरुवातीची ओतीव आवृत्ती तिसऱ्या आणि चौथ्या सिलिंडरच्या मध्ये, रॉकरखालच्या (वॉल्व्ह दाबणाऱ्या आडव्या दांड्यांखालच्या) पृष्ठभागावर तडकते. तिथून कूलंट थेट ऑइलमध्ये उतरतं. बाहेर गळती नाही, रेडिएटर मात्र हळूहळू रिकामा होतो. ऑइलच्या झाकणाखाली दुधी थर दिसला म्हणजे तडाच गेला असं नाही. थंडीत छोट्या फेऱ्या मारल्या तरी वाफ साचून तो थर येतो. ऑइलचा नमुना प्रयोगशाळेत देऊन त्यात ग्लायकॉल आहे का ते पाहा, मग शंका उरत नाही.

०३३१ चीच सुधारित, त्या जागी जास्त धातू असलेली आवृत्ती टुपी या ब्राझिली कंपनीच्या ओतकामातून आली. हेडवर मध्यभागी तिचं नाव असतं. तडकलेलं हेड वेल्ड करण्यापेक्षा ते घ्यावं असं आमचं स्पष्ट मत आहे. जुनं ०६३० लावता येतं, पण एक्झॉस्टचे पोर्ट आणि कॉइलची पट्टी नव्या गाडीशी जुळते का ते आधी पाहा.

हेड जुनंच ठेवणार असाल तर दाबाखाली तपासून घ्या आणि सरळ पट्टी ठेवून फिलर गेज घाला. सहा इंचांत २ थाऊपेक्षा जास्त फट गेली तर घासणं आलं. इथे एक सापळा आहे. या इंजिनाचे रॉकर समायोजित होत नाहीत. बोल्ट आवळला की संपलं. म्हणजे हायड्रॉलिक टॅपेटचा दट्ट्या किती दाबला जाईल हे फक्त मापं ठरवतात. हेड किंवा ब्लॉक घासला, गॅस्केटची जाडी बदलली, वेगळा कॅम घातला, की तो दाब बदलतो. साधारण अर्धा ते दीड मिमी दाब हवा. कमी असेल तर टिकटिक, जास्त असेल तर वॉल्व्ह पूर्ण बसत नाही आणि जळतो. उपाय एकच, मोजून योग्य लांबीचे पुशरॉड घेणं.

बांधणी

बेअरिंगच्या पाठी आणि ती जिथे बसतात त्या जागा कोरड्या, स्वच्छ. आतल्या बाजूला असेंब्ली ल्यूब भरपूर. रिअर मेन सील दोन तुकड्यांचा आहे. त्याची ओठासारखी कड इंजिनाच्या पुढच्या दिशेला. जोडाशी किंचित सीलंट, जास्त नाही. मेन कॅप ४०, मग ७०, मग ८० फूट-पाउंड, म्हणजे शेवटी १०८ न्यूटन-मीटर. प्रत्येक कॅप आवळल्यावर क्रँक हातानं फिरवून पाहा. एखाद्या कॅपनंतर तो जड झाला तर दोष त्याच कॅपमध्ये आहे, पुढे जायचं नाही. १९९६ पासूनच्या ब्लॉकवर मेन कॅपना जोडणारी मजबुतीची जाड पट्टी असते, ती विसरू नका.

रिंगा पाकिटातून थेट पिस्टनवर चढवू नका. प्रत्येक रिंग तिच्या बोअरमध्ये पिस्टननं सरळ ढकलून टोकांमधली फट मोजा. बोअरच्या दर इंचाला ४ थाऊ हा ढोबळ हिशेब. ३० थाऊ मोठ्या बोअरला सुमारे १६ थाऊ म्हणजे ०.४ मिमी. दुसऱ्या रिंगेला थोडी जास्त. फट कमी राहिली तर इंजिन तापल्यावर टोकं एकमेकांना भिडतात आणि पिस्टनची भिंत उखडते. ऑफ-रोडला इंजिन तासन्‌तास कमी वेगात, पूर्ण भारावर तापतं, म्हणून शंका असेल तिथे एक थाऊ जास्तच बरी. ठिपक्याची खूण वर, टोकं एकाखाली एक येऊ द्यायची नाहीत.

पिस्टनवरचा बाण पुढे आणि रॉडवर ऑइल उडवणारं भोक असेल तर ते कॅमच्या बाजूला. रॉडचे नट ३३ फूट-पाउंड, म्हणजे ४५ न्यूटन-मीटर. टायमिंगची चेन आणि दोन्ही चक्रं नवी. ठिपके समोरासमोर, दोन्ही केंद्रांमधून जाणाऱ्या रेषेवर.

ऑइल पंप जुना ठेवू नका. त्याची ओढनळी दाबून बसवलेली असते. एकदा हलली की पंपासकट बदला, कारण ढिल्या सांध्यातून ती हवा ओढते आणि बुडबुड्यांचं ऑइल बेअरिंग उचलून धरू शकत नाही.

२००५-०६ च्या रँग्लरवाल्यांसाठी वेगळी सूचना: कॅम सेन्सरखालचा पंप-ड्राइव्हचा भाग त्या दोन वर्षांत कुप्रसिद्ध आहे. त्याला वंगण नीट पोहोचत नाही, आधी चरचर आवाज येतो, मग गिअर कॅमचे दाते खातो. नव्या कॅमवर तो जुना भाग चढवणं म्हणजे कॅम वाया घालवणं.

हेड गॅस्केट छापलेली बाजू वर ठेवून कोरडं बसवा. चौदा बोल्ट, मध्यापासून बाहेर गोल गोल जाणारा क्रम. सगळे २२ फूट-पाउंड, मग सगळे ४५, पुन्हा एकदा ४५ तपासून घ्या, मग ११० म्हणजे १४९ न्यूटन-मीटर. अपवाद क्रमानं अकराव्या बोल्टचा. तो डाव्या बाजूला अगदी पुढे आहे, त्याच्या आट्यांना सीलंट लावायचं आणि १०० वरच थांबायचं. सीलंट राहिलं तर तिथून पाणी पाझरतं. बोल्ट एकदाच पुन्हा वापरता येतात. आधीच्या माणसानं डोक्यावर रंगाचा ठिपका दिलेला असेल तर नवे घ्या. नवेच घेणं आम्हाला पटतं.

डॅम्परही नीट पाहा. रबर फुगलंय, भेगा आहेत किंवा बाहेरचं कडं सरकलंय का? सरकलेल्या कड्यावरची टीडीसीची (पिस्टन सगळ्यात वर असल्याची) खूण खोटं बोलते. शिवाय लांब क्रँकचा पीळ शोषणारा तो एकच भाग आहे.

पहिला स्टार्ट

या इंजिनाचा कॅम सपाट टॅपेटचा आहे. नव्या लोबवर आणि टॅपेटच्या तळावर पहिल्या वीस मिनिटांत जे घडतं, त्यावर कॅम जगतो की मरतो. म्हणून नुसतं क्रँकिंग करत बसायचं नाही. चावी फिरवण्याआधी इंधन, स्पार्क, पाणी सगळं तयार हवं.

आधी ऑइल, ५.७ लिटर. डिस्ट्रिब्युटरच्या भोकातून लांब, चपट्या तोंडाचा पेचकस ड्रिलला लावून पंप घड्याळाच्या दिशेनं फिरवा. मधूनमधून क्रँक हातानं थोडा फिरवत राहा, सगळ्या रॉकरांवर ऑइल येईपर्यंत. मग पहिला सिलिंडर कॉम्प्रेशनच्या टोकाला आणून डिस्ट्रिब्युटर बसवा. फायरिंग क्रम १-५-३-६-२-४, रोटर घड्याळाच्या दिशेनं. अर्ध्या फेऱ्यानं चुकला तर इंजिन इनटेकमधून फटाके फोडतं. इंजेक्शनच्या गाड्यांत डिस्ट्रिब्युटर फिरवून टायमिंग बदलत नाही, ते संगणक क्रँक सेन्सरवरून ठरवतो. २००० पासूनच्या गाड्यांत डिस्ट्रिब्युटरच नाही, त्याच जागी कॅम सेन्सरचा भाग असतो.

सुरू झालं की लगेच २००० ते २५०० आरपीएमवर न्या आणि वीस ते तीस मिनिटं या पट्ट्यात वर-खाली करत ठेवा. आयडलला सोडू नका. या प्रकारात लोबला ऑइल मिळतं ते क्रँकच्या उडत्या ऑइलमधून, आणि आयडलला ते पुरेसं उडत नाही. ऑइल जस्त आणि फॉस्फरस जास्त असलेलं, ब्रेक-इनसाठीचं घ्या. पाणी गळलं किंवा तापमान वाढलं तर बिनधास्त बंद करा, दुरुस्त करून उरलेली मिनिटं नंतर पूर्ण करा. मग ऑइल आणि फिल्टर बदला. जुना फिल्टर कापून कागद उलगडून पाहा. असेंब्ली ल्यूबची करडी छटा ठीक, चमकणारे तुकडे नकोत.

हवा काढणं ही या इंजिनाची वेगळी डोकेदुखी आहे, कारण बुडबुडा साचतो तो हेडच्या मागच्या टोकाला. जुन्या चेरोकीत तिथे तापमानाचा सेन्सर आहे. भरताना तो सैल केला की हवा निघते. नाहीतर गाडीचं नाक चढावर ठेवून भरा. थर्मोस्टॅट १९५ फॅरनहाइटचा, म्हणजे सुमारे ९१ सेल्सिअसचाच ठेवा. "थंड" थर्मोस्टॅटनं इंजिन थंड राहत नाही. संगणकाला मात्र ते अजून गरम झालं नाही असं वाटतं, तो पेट्रोल जास्त सोडतो आणि नव्या रिंगांवरचं ऑइल धुऊन जातं. हळू चालताना खरंच तापत असेल तर फॅन क्लच, रेडिएटर आणि त्याभोवतीचं आच्छादन पाहा. दगडांवर गाडीला वारा मिळतच नाही, तिथे जी हवा लागते ती पंख्यानंच ओढायची असते.

रिंगा बसवायला भार लागतो. पहिल्या काही फेऱ्यांत मध्यम वेगातून जोरात पुढे घ्या, मग गिअरमध्येच पाय सोडून वेग उतरू द्या, असं पंधरा-वीस वेळा. पहिले ८०० किलोमीटर लांब घाट, ओढकाम आणि वाळू टाळा, आणि तेवढं अंतर झालं की ऑइल पुन्हा बदलून फिल्टर पुन्हा कापा. या वेळी कागद जवळपास स्वच्छ हवा. तो तसा नसेल तर पॅन उतरवून तिसरं मेन बेअरिंग आधी पाहा.